टिपऱ्यांची वही आणि वाशीमचं हसू

दिलीप प्रभावळकरांचा फोटो रिसोडच्या एसटी स्टँडवर दहा जणांना दाखवला, तर दहाही जण ओळखतील. कुणी तात्या विंचू म्हणेल, कुणी मुन्नाभाईतले गांधीजी म्हणेल, पन्नाशीच्या बाया हमखास ‘टिपरे आबा’ म्हणतील. कॉलेजातली पोरं ‘दशावतार’चं नाव घेतील. मात्र या माणसानं लिहिलेल्या पुस्तकांची नावं विचारली, की दहातले आठ गप्प होतील. ‘गुगली’, ‘हसगत’, ‘कागदी बाण’, ‘अनुदिनी’, ‘बोक्या सातबंडे’ ही सगळी पुस्तकं त्यांचीच. ‘हसवाफसवी’ हे नाटकही त्यांनीच लिहिलं. मराठीत विनोद लिहिणारे पुष्कळ झाले आणि छोट्या पडद्यावर हसवणारेही पुष्कळ झाले. ही दोन्ही कामं एकाच माणसानं केली आणि दोन्ही टिकली, अशी उदाहरणं मोजकी आहेत. त्यातलं हे ठळक उदाहरण आहे, आणि आपल्या वऱ्हाडाला त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

वाशीम जिल्ह्यातून हा विषय पाहण्याला कारण आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांना पडदा आणि पुस्तक जवळपास एकदमच मिळत आले. आपल्याकडे क्रम वेगळा होता. पुस्तक आधी आलं, पडदा फार उशिरा पोचला. त्यामुळे विनोदी पुस्तकाची किंमत काय असते, हे आपल्याकडच्या जुन्या वाचकाला नेमकं माहीत आहे.

मुंबईत दिसलेला, वाशीमात वाचलेला चिमणराव

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्याचं चित्र मुंबईत आणि पुढे पुण्याच्या परिसरात दिसायचं, बस. सत्तरच्या दशकात याच केंद्रानं ‘चिमणराव’ ही मालिका दाखवली. चिं. वि. जोशींचा चिमणराव प्रभावळकरांनी केला आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे यांनी. ज्यांनी ती मालिका पाहिली, त्यांना पुढची चाळीस वर्षं चिमणराव म्हटलं की तोच चेहरा आठवत राहिला.

त्या वेळी वाशीम हे अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेली लहर शेकडो किलोमीटर ओलांडून इथवर येणं शक्यच नव्हतं. म्हणजे वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मालेगावच्या माणसाला चिमणराव भेटला तो वाचनालयात. चिं. वि. बडोद्याला पाली भाषा शिकवायचे. मध्यमवर्गातला एक भित्रा, भोळा, सतत फजितीत सापडणारा गृहस्थ आणि त्याचा आडदांड मावसभाऊ ही जोडी त्यांनी १९३०च्या दशकात पुस्तकांतून उभी केली. १९४०मध्ये मास्टर विनायकांनी ‘लग्न पाहावं करून’ या चित्रपटात तिला पडद्यावर आणलं, तेव्हा दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ.

एकच पात्र पुस्तकातून सिनेमात गेलं, तिथून दूरदर्शनवर गेलं, मग प्रभावळकरांच्या ‘हसवाफसवी’त रंगमंचावर आलं. प्रत्येक वेळी चेहरा बदलला, माध्यम बदललं, माणूस तोच राहिला. हे शक्य झालं, कारण मूळ लिखाणात तो पुरता घडलेला होता. कुठल्याही नटाला त्यात शिरता येईल आणि तरी तो चिमणरावच राहील, इतका पक्का. नट येतात आणि जातात. लिहिलेलं पात्र राहतं.

दूरचित्रवाणीचा अभ्यास आणि ‘अपूर्वाई’

विनोदी लेखक आणि दूरचित्रवाणी यांचं नातं सांगायचं, तर सुरुवात पु. ल. देशपांड्यांपासून करावी लागते. पुलंच्या चाहत्यांनाही एक गोष्ट चटकन आठवत नाही. ‘अपूर्वाई’ हे मराठीतलं बहुधा सगळ्यांत लाडकं प्रवासवर्णन दूरचित्रवाणीमुळे लिहिलं गेलं. पुलं तेव्हा आकाशवाणीत होते. भारतात दूरचित्रवाणी आणायचं ठरत होतं आणि या नव्या माध्यमाचा अभ्यास करायला त्यांना बीबीसीत पाठवलं गेलं. तो विलायतेचा मुक्काम १९६०मध्ये ‘अपूर्वाई’ म्हणून पुस्तकात आला.

१५ सप्टेंबर १९५९ला दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली. आठवड्यातले मोजके दिवस, थोडा वेळ, आणि दिल्लीच्या आसपास दिसेल तेवढंच चित्र. त्या पहिल्या काळात पुलंनी तिथं निर्मितीचं काम केलं. दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेणारे पहिले मुलाखतकार म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. पुढे ते त्या नोकरीत राहिले नाहीत. लिहिणं, गाणं, एकपात्री प्रयोग यांत रमले. ‘बटाट्याची चाळ’ १९५८मध्ये पुस्तक म्हणून आली आणि १९६१पासून पुलं एकटे रंगमंचावर उभे राहून ती सादर करू लागले. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विनोदी लेखनाला इतका मोठा मान मिळण्याचे प्रसंग आपल्याकडे कमीच.

पुलंनी ध्वनिक्षेपकासमोर आणि कॅमेऱ्यासमोर काम केलं. तरी त्यांचं लिखाण पुस्तकात जास्त भरून राहिलं, आणि माझ्या मते याचं कारण त्यांच्या कानात आहे. रेडिओवर बोलणाऱ्याला समोरचा चेहरा दिसत नाही. वाक्य कुठं तोडायचं, कुठं श्वास घ्यायचा, शेवटचा शब्द कोणता ठेवायचा, हे त्याला आवाजाच्या भरवशावर ठरवावं लागतं. पुलंचं कुठलंही पान मोठ्यानं वाचून पाहा, एकही वाक्य जिभेवर अडखळत नाही. म्हणूनच मानोऱ्याच्या पलीकडे एखाद्या खेड्यात, जिथं पुलंचा प्रयोग कधी झाला नाही, तिथंही पुस्तक हातात घेऊन कुणीतरी चारचौघांना ते वाचून दाखवू शकतो आणि मंडळी हसतात. सादरीकरणाची सोय लिखाणातच करून ठेवलेली आहे.

एका घराची पाच अक्षरं

प्रभावळकरांकडे परत येऊ. ४ ऑगस्ट १९४४चा जन्म. विज्ञान शिकले, औषध कंपनीत नोकरी केली, ती करता करता नाटकं केली. विजयाबाई मेहतांच्या ‘रंगायन’च्या काळापासून रंगभूमीवर. लिखाण त्यांच्या अभिनयाच्या शेजारीच वाढलं. ‘गुगली’त क्रिकेट होतं. ‘बोक्या सातबंडे’ आधी आकाशवाणीवर मुलांना ऐकू आला, मग पुस्तकांत आला, भागांमागून भाग निघाले आणि २००९मध्ये त्यावर चित्रपटही झाला. या सगळ्यांत लेखकाची ताकद जिथं सर्वांत स्वच्छ दिसते, ते पुस्तक ‘अनुदिनी’.

‘लोकसत्ता’तल्या सदरातून ते लिहिलं गेलं. मांडणी अगदी साधी. टिपरे नावाच्या घरात एक रोजनिशी आहे आणि घरातले पाचही जण तीत लिहितात. आजोबा गंगाधर टिपरे, मुलगा शेखर, सून श्यामला, नात शलाका आणि नातू शिऱ्या. एकाच घरातला एकच प्रसंग ज्याच्या हाती वही असेल, त्याच्या नजरेतून दिसतो.

यात लेखकाचं कसब काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. रोजनिशी ही मुळात गुपित ठेवायची गोष्ट. ती घरात सगळ्यांसाठी उघडी ठेवली, की लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की उद्या हे पान बाकीचे वाचणार. म्हणजे प्रत्येक नोंद निम्मी स्वतःशी असते आणि निम्मी घरच्यांना ऐकवण्यासाठी. राग असतो पण तो जपून लिहिलेला. कौतुक असतं पण ते आडवळणानं आलेलं. सून सासऱ्यांबद्दल लिहिते तेव्हा ते सासरे वाचणार आहेत, याचं भान तिच्या वाक्यात दिसतं. नातवाला असलं भान नसतं, म्हणून घरातलं झाकलेलं सगळं त्याच्या पानावर उघडं पडतं. विनोद इथं कोट्यांतून येत नाही. एका पानावर लपवलेली गोष्ट पुढच्या पानावर दुसऱ्याच्या हातून निसटते, तिथं हसू येतं. वाचक दोन्ही पानं वाचतो, म्हणून घरातल्या कुणाहीपेक्षा त्याला जास्त कळतं.

दुसरी गोष्ट भाषेची. पाच माणसांचं मराठी पाच तऱ्हांचं आहे. आजोबांची वाक्यं जुन्या शाळेतली, कॉलेजात जाणाऱ्या नातीची आजची, नोकरदार शेखरची दिवसभराच्या दगदगीतून आलेली. नाव झाकून एखादी नोंद वाचली, तरी कुणी लिहिली ते ओळखता येतं. सहा वेगवेगळ्या माणसांची सोंगं एकट्यानं वठवणारा ‘हसवाफसवी’चा नट आणि पाच हस्ताक्षरांत लिहिणारा ‘अनुदिनी’चा लेखक ही एकाच कारागिराची दोन कामं आहेत. कृष्णराव हेरंबकरांचा थकलेला गळा आणि नाना पुंजेंचा बुजरेपणा ज्यानं आवाजात पकडला, त्यानंच सुनेचा संकोच वाक्यात पकडला.

केबल आली आणि टिपरे घरात आले

ऐंशीच्या दशकात लघुप्रक्षेपण केंद्रं देशभर उभी राहिली आणि वऱ्हाडातल्या घरांवर अँटेना दिसू लागल्या. पण त्या अँटेनांवर यायचा तो बहुतेक वेळ दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम. म्हणजे आपल्या भागानं पडद्यावरच्या विनोदाला पहिली दाद दिली ती हिंदीत. १९८४ची ‘ये जो है ज़िंदगी’ अनेकांना आठवत असेल. ती लिहिली होती शरद जोशी यांनी. शेतकरी संघटनेचे नव्हेत, हिंदीतले व्यंगलेखक. त्यांचीही ओळख मालिकेपुरती नव्हती. वर्तमानपत्रांतली सदरं आणि त्यांची पुस्तकं हिंदी वाचक आजही काढून वाचतो. भाषा कोणतीही असो, पडद्यावरचा चांगला विनोद बहुधा वहीत लिहून हात बसलेल्या माणसाकडूनच आलेला दिसतो.

मराठीला स्वतःची उपग्रह वाहिनी मिळायला १९९४ साल लागलं आणि ‘अल्फा मराठी’ १९९९मध्ये आली. तोवर केबलवाल्यांच्या तारा वाशीमच्या गल्लीबोळांत पोचल्या होत्या. २००१मध्ये ‘अल्फा’वर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ सुरू झाली. मूळ ‘अनुदिनी’, दिग्दर्शन केदार शिंदे. आबा स्वतः प्रभावळकर, शेखर राजन भिसे, श्यामला शुभांगी गोखले, शलाका रेश्मा नाईक आणि शिऱ्या विकास कदम. २००५पर्यंत ती चालली.

मुंबईतल्या सदनिकेत घडणारी ही मालिका आपल्याकडे का रुचली, याचा विचार करावासा वाटतो. त्या घरात लोकल गाड्या, सोसायटीच्या सभा, ऑफिसातली कटकट. इथं सोयाबीनची सोंगणी, तुरीचे भाव, अकोला-पूर्णा मार्गावरची गाडी. जगणं वेगळं. पण म्हातारा माणूस घरात असणं म्हणजे काय, हे दोन्हीकडे सारखंच. आबांना कुणी हिणवत नाही. कुणी त्यांना डोक्यावरही घेत नाही. ते चुकतात, हट्ट धरतात, नातवाच्या बाजूनं उभे राहतात, सुनेशी त्यांचं न बोलता जमतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मालिकेत कारस्थानं नव्हती, विषप्रयोग नव्हते, श्रीमंतीचा दिखावा नव्हता. जेवणाच्या ताटावर तीन पिढ्या एकत्र बसून बघू शकतील, असं ते होतं, आणि आमच्याकडे ते तसंच बघितलं गेलं.

मालिका संपून आता वीस वर्षं होऊन गेली. जुने भाग अजून मोबाईलवर पाहिले जातात. ‘अनुदिनी’ पुस्तक मात्र मागून घ्यावं लागतं. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. ज्या पानांवरून ती मालिका आली, ती पानं मालिकेच्या सावलीत गेली.

वाचनालयातलं विनोदाचं कपाट

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात. आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या वाचनालयांचं दैनंदिन वास्तव असं की खोली लहान, अनुदान तुटपुंजं आणि नव्या खरेदीत स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना पहिला मान. ते चूकही नाही. २०१८मध्ये केंद्र सरकारनं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तीत महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत वाशीम होता. इथल्या पोराला नोकरी हवी आहे आणि त्यासाठी तो वाचनालयात येतो.

तरी विनोदाच्या कपाटाकडे एकदा जाऊन बघा. सगळ्यात जास्त झिजलेली पुस्तकं तिथंच सापडतात. पाठ फाटलेली, कापडी पट्टी चिकटवून जोडलेली, कोपरे गोल झालेली, तारखांच्या चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली. पुलं, चिं. वि., द. मा. मिरासदार, शंकर पाटील. ही पुस्तकं कुणी अभ्यासाला लावली म्हणून झिजली नाहीत. माणसांनी ती आपणहून घरी नेली, दवाखान्यात रुग्णाच्या उशाशी नेली, बाळंतिणीसाठी नेली. ग्रंथपाल नवी प्रत मागवतात तेव्हा या झिजेकडे बघून मागवावी, इतका हा पुरावा बोलका आहे.

वऱ्हाडीचा आवाज कुणी लिहायचा?

आता आपल्या घरची गोष्ट. २०१४मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि भारत गणेशपुरे यांच्या तोंडून वऱ्हाडी बोली महाराष्ट्राच्या घराघरांत गेली. ‘काहून बे’ हे शब्द कोल्हापूर-रत्नागिरीतही लोक हसत हसत बोलू लागले. पूर्वी पुण्यात शिकायला गेलेली आमची पोरं आपली बोली लपवायची. आता तीच बोली काढून दाखवा म्हणून मित्र आग्रह धरतात. हा फरक छोट्या पडद्यानं केला आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं.

पण पडद्यावरची बोली भाग संपला की हवेत विरते. ती पुस्तकात किती उतरली? वऱ्हाडीतलं दुःख पुस्तकात नक्की उतरलं. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६०ची. आपल्या मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१मध्ये त्यांना पद्मश्री. वऱ्हाडी विनोदाचं कपाट मात्र अजून जवळपास रिकामंच आहे. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांची ‘मेड इन इंडिया’ १९८७मध्ये आली आणि अख्खी कादंबरी वऱ्हाडीत, हसवत आणि टोचत, लिहिता येते हे तिनं सिद्ध केलं. तिच्यानंतर त्या वाटेवर गर्दी व्हायला हवी होती. ती झाली नाही.

वास्तविक ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवण्याची परंपरा आपल्याच मातीतली. म्हाइंभटांनी माणसामाणसांना गाठून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं, ते तेराव्या शतकात ऋद्धिपुरात, आजच्या अमरावती जिल्ह्यात. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ संवादांनी भरलेला आहे. गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडीत प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत आणि हसता हसता त्यांच्या अंधश्रद्धेवर घाव घालत. लोकांच्या बोलण्यातली गंमत हेरणं आणि ती कामाला लावणं वऱ्हाडाला कुणी शिकवायला नको. पोहरादेवीच्या यात्रेत, कारंज्याच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गप्पांत ही गंमत रोज सांडते. गोरबंजारा समाजाच्या गोरमाटीतली गंमत तर अजून मराठी पुस्तकांच्या उंबऱ्याशीही आलेली नाही.

आज आपल्या भागातली हुशार पोरं मोबाईलवर छोटे विनोदी व्हिडिओ करतात. त्यांना लाखांनी बघणारे मिळतात. त्यांतल्या काहींची निरीक्षणं अव्वल आहेत. शेतात फवारणी करणारा बाप, बँकेच्या रांगेतली आजी, लग्न न जमणारा शेतकरी मुलगा, सगळं त्यांना दिसतं. पण व्हिडिओची मागणी रोजची असते आणि कालचा व्हिडिओ आज शिळा होतो. प्रभावळकरांनी टिपरे कुटुंब आधी आठवड्यांमागून आठवडे सदरात लिहून मुरवलं आणि मग पडद्यावर नेलं. चिमणराव इतकी वर्षं टिकला, कारण चिं. विं.नी त्याला आधी कागदावर वाढवलं. पात्र मुरायला कागद लागतो. जे पात्र लिहिलं जात नाही, त्याचं आयुष्य नटाच्या लोकप्रियतेएवढंच.

म्हणून या दिवाळीत काही मागण्या थेट मांडतो. विदर्भ साहित्य संघाच्या शाखांनी आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवानं विनोदी लेखनाला एक स्वतंत्र सत्र द्यावं, आणि त्यात व्हिडिओ करणाऱ्या पोरांना बोलवून लिहितं करावं. आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांनी वऱ्हाडीतल्या एका विनोदी सदराला आठवड्याला अर्धं पान द्यावं, कारण ‘अनुदिनी’ सदरातूनच उभी राहिली. ग्रंथपालांनी यंदाच्या खरेदीत ‘अनुदिनी’ आणि ‘मेड इन इंडिया’ यांच्या प्रती घ्याव्यात. आणि वाचकहो, फराळाला घरची मंडळी जमतील तेव्हा यातलं एखादं पुस्तक काढून चार पानं मोठ्यानं वाचून दाखवा. टिपऱ्यांच्या घरात वही होती. आपल्या घरातही एक वही ठेवा आणि आजी-आजोबा काय बोलतात ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा. वऱ्हाडीतलं पुढचं विनोदी पुस्तक अशाच एखाद्या वहीतून निघेल, अशी माझी खात्री आहे.